पाण्यावर ‘येते’ म्हणू नये

होड्यांच्या क्लबात मी शिरले ती शिलाई मशीनच्या वाटेने. भोरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. एका दुपारी निवृत्त झालेले पी.टी.चे सर लाईफ जॅकेटांचं गाठोडं घेऊन आले आणि कुजलेले पट्टे बदलून द्याल का, असं विचारू लागले. ब्लाउजांच्या ढिगाशेजारी ती नारिंगी जाकिटं पडली आणि मला दुसरं कामच सुचेना. होडी फार हलते का, बायका येतात का, पोहता येत नसेल तर काय, असं विचारून मी त्यांना भंडावून सोडलं. शेवटी ते म्हणाले, रविवारी या आणि स्वतः शिवलेल्या पट्ट्याची स्वतःच परीक्षा घ्या.

हिर्डोशीच्या रस्त्याला धरणाचं पाणी डोंगराच्या कुशीत वळतं तिथे क्लबाची पत्र्याची शेड आहे. होड्या लांबट, हलक्या, दोघांनी बसायच्या. शेडच्या दारावर सरांनी नियम रंगवून घेतलेत. जाकिटाचा प्रत्येक पट्टा आवळायचा, शिट्टी जाकिटालाच बांधलेली हवी. पाणी उपसायचा डबा दोरीने होडीला अडकवलेला हवा. होडीत उभं राहायचं नाही आणि होडी उलटली तरी तिला सोडायचं नाही. संकटात तीन शिट्ट्या. आणि काठावर कायम एक माणूस राखणीला. जाणाऱ्याने त्याला सांगून जायचं, येणाऱ्याने सांगून उतरायचं. सगळे आले असं त्याने म्हटलं की मगच मदतीची मोटारबोट ओढून कुलूप लावायचं. एवढ्या नियमांत तर माणसाचं लग्न लागतं, असं मी सरांना म्हटलं. सर हसले नाहीत. पुढे मला कळलं की नियमांच्या बाबतीत ते कधीच हसत नाहीत.

होडीत माझी जोडीदारीण म्हणजे शेजारची बांगडीवाली. ओढणी कमरेला खोचून, वर जाकीट चढवून ती बसली की आधी जाकिटात आपण जाड दिसतो म्हणून कुरकुरणार आणि मग तासभर एक अक्षर बोलणार नाही. पाण्यावर तिची ही गप्प बसायची कला मला फार आवडते. दुकानात मात्र ती मला बोलू देत नाही.

आणि राखणीला आमचे आबा. माझे वडील. सारी नोकरी भोर डेपोत कंडक्टर म्हणून केली. आई गेल्यापासून रविवारी घरात एकट्याने बसवत नाही म्हणून माझ्याबरोबर यायचे, चपला काढून दगडावर बसायचे, पण पाण्यात पाऊल म्हणून घालायचे नाहीत. बसूनच राहता तर राखण करा, असं सरांनी सांगितलं आणि आबा एकदम ताठ झाले.

त्या पाण्याखाली जुना रस्ता आहे. आबांची एसटी त्याच रस्त्याने जायची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की डांबराचा एक तुकडा वर येतो, सरळ पाण्यात उतरतो आणि दिसेनासा होतो. आबा काठावरून बोट दाखवून सांगायचे, हितं फाटा होता, हितं शाळेची पोरं चढायची, हितं एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन हात करायची. मग आम्ही मधोमध जाऊन वल्ही आडवी ठेवायचो. डोंगर उलटे होऊन पाण्यात निजलेले. वल्ह्याच्या टोकावरून थेंब पडायचा आणि डोंगर जरासा हलायचा. डोळे मिटले की मला खालून लाल एसटी जाताना जाणवायची, खिडक्यांतून हिरवा उजेड, कोंबड्या निमूट, आणि मागच्या दारात तरुण आबा, हात घंटीच्या दोरीवर, एक घंटी थांबायला, दोन निघायला. त्यांना वर बघावंसं वाटलं तर आमच्या होडीचं बूड दिसेल, असा काहीतरी विचार मी करत बसायचे. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, हे सांगायला लाजायचं काय कारण?

त्या रविवारी दुपार कलली होती. बाकीच्या होड्या काठाला लागल्या होत्या. आम्हीही काठाजवळ आलो होतो, पण पलीकडच्या वळणावर ऊन असं काही पसरलं होतं की दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि होडी वळवली. नियम पाळायचा म्हणून मी काठाकडे हात केला आणि ओरडले, “आबा, येते हं!”

आबांनी हात वर केला. “ये, ये.”

मी निरोप घेतला होता आणि त्यांनी तो दिला, असं मला वाटलं. आपल्याकडे घरातून निघताना दुसरं काय म्हणतात? लहानपणी एकदा शाळेला निघताना मी ‘जाते’ म्हटलं होतं तर आबांनी उंबऱ्यातून परत बोलावून, पाणी प्यायला लावून, ‘येते’ म्हणवून घेतलं होतं. पण आबांना वाटलं, पोरगी काठाला येतेय. त्यांनी सरांना सांगितलं, सगळी आली. सरांनी मोटारबोटीला कुलूप लावलं आणि ते भोरला निघाले. आबा रस्त्यावरच्या टपरीवर आमच्यासाठी चहा सांगायला गेले.

वळणापलीकडे वारा होता. पहिल्या लाटेने होडीत पाणी आलं, उपसता उपसता दुसरी आली आणि आम्ही पाण्यात. पाणी गार होतं. होडी सोडायची नाही, हे दारावरचं वाक्य मला अक्षरन् अक्षर दिसत होतं. बांगडीवालीने तीन शिट्ट्या मारल्या, मी मारल्या, पुन्हा मारल्या. कुणी आलं नाही. मी घाबरले, भयंकर घाबरले, आणि तशातही माझ्या मनात आलं की पट्टे चांगले शिवले गेलेत. वाऱ्यानेच होडी ढकलत ढकलत आम्हाला त्या बाजूच्या चिखलात नेऊन टाकलं. होडी वर ओढून आम्ही रस्त्याने चालत निघालो.

शेडजवळ आबा पाण्याकडे तोंड करून उभे होते. शेजारच्या दगडावर तीन कप, चहा तसाच. ते माझ्या नावाने हाका मारत होते आणि आवाज फाटला होता. मी मागून “आबा” म्हटलं तेव्हा ते वळले, मला नखशिखांत बघितलं आणि खालीच बसले.

“तू येते म्हनलीस,” ते म्हणाले.

“जाते म्हणत होते, आबा.”

“मंग जाते म्हनायचं व्हतं,” ते म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना.

पुढच्या रविवारी सरांनी नवा नियम केला. पाण्यावर ‘येते’ बंद. निघताना स्वच्छ ‘जातो’ म्हणायचं आणि राखणदाराने ‘गेले’ असं उत्तर द्यायचं. सगळ्यांना तालीम करायला लावली. एकाच्या तोंडून शब्द फुटेना. बांगडीवालीच्याही घरी ‘जाते’ म्हणत नाहीत. तिने ते इतकं हळू म्हटलं की होडीलाही ऐकू गेलं नसेल. मग आबांची पाळी आली. त्यांनी हात जोडले.

“सर, हिची आई गेली, ह्ये म्या एकदा गावभर सांगितलंय. आता लेकीला गेली म्हनू? न्हाई व्हायचं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू ह्ये सोड आता.”

मी भांडले नाही. ज्याच्याशी भांडायला हवं होतं तो माणूस दगडावर इतका लहान दिसत होता. पण राग आला, आणि रडूही आलं. मी रविवारी दुकान उघडं ठेवू लागले. मशीन चालवताना पायाखाली पाणी आहे असं वाटायचं आणि पाय थांबायचा.

मग सरांनी जाकिटांचं दुसरं गाठोडं पाठवलं. आबा दुकानात बसले होते. त्यांनी एक जाकीट उचललं, शिट्टी तोंडात धरली आणि सवयीने दोनदा वाजवली. दुकानापुढे माल उतरवून मोबाईल बघत बसलेला टेम्पोवाला दचकला आणि टेम्पो चालू करून पुढे निघाला. आबा आधी बघत राहिले आणि मग हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

रविवारी सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे. काठावर त्यांनी सरांना एवढंच सांगितलं की आपल्याला बोलणं जमणार नाही, आपण वाजवू. सरांनी क्षणभर विचार केला आणि खडूने दारावर लिहून टाकलं.

आम्ही होडीत बसलो. पट्टे आवळले. मी आबांकडे बघितलं. ते काठाला, अगदी काठाला आले होते, पावलं घोट्यापर्यंत पाण्यात. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि थांबले. मग दोनदा वाजली.

डबल बेल. माझ्या आबांनी मला जा म्हटलं होतं.

मीही दोनदा वाजवली, नीट वाजली नाही. होडी जुन्या रस्त्यावर आली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“उतरायचं झालं की एकच मार. म्या हितं हाय.”