हॉटेलातली अहेव नवमी

माणूस मेल्यावर उपाशी राहत असंल का, ही भीती मला या वयात लागली. आधी मी कशाला भेत नव्हतो. साप निघाला तर गल्लीतले लोक मलाच बोलवायचे. आता सांजच्याला घरात एकटा बसलो की चुलीकडं पाहवत न्हाई.

आमची मंडळी अहेव गेली. माझ्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन. लोक म्हणाले, नशीबवान बाई. मला त्यात काय नशीब दिसलं न्हाई. शेवटी शेवटी तिला गिळवतच नव्हतं. चमच्यानं वरणाचं पाणी घातलं की अर्धं गालावरून उशीवर यायचं. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवंना. समोरच्या बाभळीवर बसून होते सगळे, पण खाली एक उतरंना. पोरानं हात जोडून सांगितलं, "माय, आबाची काळजी करू नको." तरी न्हाई. उन्हं चढली, भावकी कंटाळली. मग भटजीनं दर्भाचा कावळा केला अन् पिंडाला टेकवला. झालं म्हणाले, चला आंघोळीला. मी तिथंच उभा राहिलो. गवताचा कावळा काय खाणार?

तवापासून मनात एकच. ती उपाशी गेली.

वर्षश्राद्ध झालं अन् पितरपाटातली अहेव नवमी आली. अहेव गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची असती. सवाष्ण म्हणजे जिचा नवरा जिता हाय ती. ती जेवली की आपली गेलेली बाई जेवली, असं आमच्याकडं मानतात. माझ्या हातात तेवढी एकच गोष्ट उरली होती. ती चुकली तर मग काही न्हाई.

पोरगं हिंगोलीला नोकरीला. त्याचा फोन आला. "आबा, तुमची सून पडली. डावा हात पिलास्टरात हाय. सवाष्ण आपण हॉटेलात जेवू घालू. मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी बी त्याच दिवशी आली."

"हॉटेलात? सराध?"

"मंग काय करू? मला पोळी येती का?"

मलाबी येत न्हाई.  पुसेगावाहून सकाळची गाडी धरली. हिंगोलीत उतरलो तर शाळेची लेकरं छातीला झेंडे लावून घरी चालली होती. भोंग्यावर निजामाच्या वक्ताला मेलेल्या लोकांची नावं घेऊन राहिले होते. मी थोडा वेळ थांबून ऐकली. त्या मेलेल्यांचं बराबर चाललं होतं.

पोराच्या घरी गेलो तर सून दारातच. तोंड उतरलेलं. "मामा, मावशीचा फोन आला होता नरसीहून. त्यांच्या भावकीत कोणी गेलं. सुतक पडलं. त्यांना येता येत न्हाई."

मावशी म्हणजे माझी मेव्हणी. तीच सवाष्ण म्हणून बसणार होती.  आधी कावळा न्हाई, आता सवाष्ण न्हाई. वरून कोणी अडवून राहिलं का काय, असं वाटलं.

"तुमी घाबरू नका," सून म्हणाली. "मी शेजारच्या काकूला बोलवलंय. शिवणकाम करतात त्या. आत्याबाईंचं अन् त्यांचं लई जमायचं."

ते मलाबी माहीत होतं. दवाखान्यापायी आमची मंडळी या घरी राहिली तेव्हा ती बाई रोज येऊन तिचे पाय चेपायची. मला दाजी म्हणायची. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी सुनेनं बोलून दाखवली न्हाई. त्या बाईचा नवरा टरक घेऊन गेला तो आलाच न्हाई. लई वर्षं झाली. कोणी म्हणतं तिकडं गुजरातेत दुसरं घर केलं, कोणी म्हणतं मेला. टरक सापडला, माणूस न्हाई. ती कुंकू लावती, मंगळसूत्र घालती. गल्लीतल्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत.

सांगावं का न्हाई, हे ठरेपर्यंत ती आली. हिरवं लुगडं, अंबाडा घातलेला. "चला दाजी," म्हणाली, पण माझ्याकडं पाहिलं न्हाई.

हॉटेल गच्च भरलेलं. तिरंगी फुगे लटकवलेले, लेकरं आईस्क्रीमसाठी रडून राहिलेली. आमाला कोपऱ्यातलं टेबल भेटलं. वेटर आला. मी म्हणालो, "कांदा-लसूण नको कशातबी."

"जैन हो क्या काकाजी?"

"न्हाई बाबा, सराध हाय."

त्याचा पेन थांबला. बाजूच्या टेबलावरची नवी नवरी घास हातात धरून माझ्याकडं पाहू लागली. पोरगं माझ्या कानाशी आलं. "आबा, जैन म्हना नुसतं. लोक सण करायला आलेत इथं."

मग आमी त्या दिवसापुरते जैन झालो. खीर न्हाई म्हणे, गुलाबजाम हाय. उडदाचा वडा होता, पण तो सांबारात बुडवलेला. सून म्हणाली चालतंय, उडीद तर हाय ना. मी मान हलवली. 

सुनेनं पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली, काकूला लावलं. पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. तेवढ्यात पोराच्या हापिसातला एक जण हसत आला. पोराच्या पाठीवर थाप मारली, आमच्याच टेबलावरचा पापड मोडून खाल्ला. "काय साहेब, आज पार्टी? वाढदिवस का कुणाचा?"

पोरगं गडबडलं. "व्हय, तसंच."

त्या माणसानं काकूचं कुंकू पाहिलं, ताट पाहिलं. "काकूंचा का? अरे वा! जोडीनं शंभर वर्षं जगा, काकू! काका कुठं हायेत? हे का?" अन् माझ्याकडं पाहिलं.

पोरानं त्याला डोळ्यानं खुणावलं. तो बी समजला आपलं काहीतरी चुकलं. पापड घेऊनच गेला.

काकूनं ताट पुढं सरकवलं. "दाजी, मला न्हाई जमायचं. या लेकीच्या शब्दाला आले. पन ताट पाहून हात पुढं होईना. मी सवाष्ण हाय का न्हाई, माझं मलाच ठावं न्हाई. उद्या तुमच्या घरात काही उलटं झालं तर बोट माझ्याकडंच. मी बी भेते हो."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं, पोरानं सुनेकडं. "काहून सांगितलं न्हाई मला?" तो तिच्यावर खेकसला. मग उठायला लागला. "थांबा. त्या बाजूच्या टेबलावर दोन सवाष्णी हायेत. एकीला हात जोडतो. एक घास तर खायचा."

"बस खाली," मी म्हणालो. "ते लोक तुला येडा म्हनतील. अन् बरोबर म्हनतील."

बसला. सगळे माझ्या तोंडाकडं पाहून राहिले. खरं सांगतो, मी काही मोठ्या मनाचा माणूस न्हाई. माझ्या डोक्यात त्या बाईची दया नव्हती. भीती होती नुसती. हिला बसवलं अन् हिचा नवरा मेलेला असला तर माझी बाई आजबी उपाशी. अन् भरल्या ताटावरून हिला उठवलं तर? ती मंडळीची मैत्रीण. मंडळीनं एकदा मला सुनावलं होतं, "गल्ली तिला कुंकू लावत न्हाई. मी लावते. नवरा मेलेला कोनी पाह्यला? तुमी पाह्यला का?" मी पाहिला नव्हता. तिनं रागानं पाठ फिरवली ती संध्याकाळपर्यंत बोलली न्हाई. तिला राग आला की कसं असतं, ते मला ठावं. मेल्यावर तिचा राग काढायला मी कुठं जाऊ?

मी ताट परत तिच्याकडं सरकवलं. "खा, बाई. तिनं तुमाला सवाष्ण मानलं होतं. जेवायचं तिला हाय, मला न्हाई."

तिनं ताटाला हात जोडले. मग वडा मोडला, घास तोंडात घातला. अन् जोराचा ठसका लागला. डोळे पांढरे. मी खुर्ची पाडून उठलो. माझ्या बाईला असाच लागायचा, मग श्वास अडकायचा. मला वाटलं, झालं. उत्तर आलं. मेलेल्यांनी न्हाई म्हणून सांगितलं.

वेटर पाण्याचा गिलास घेऊन पळत आला, तिच्या पाठीवर हात फिरवला. "कुछ नहीं माताजी, कोई याद कर रहा है आपको."

तिला श्वास आला. डोळ्यात पाणी, अन् तशीच हसली. "माझी कोन काढतंय आठवन? मेलेलं का जितं?"

 मी खुर्ची उचलली अन् बसलो.

मग ती जेवली. सावकाश. भात मागून घेतला, कढी मागून घेतली, गुलाबजाम दोन्ही खाल्ले. मी तिच्या गळ्याकडं पाहत होतो, प्रत्येक घास खाली जाताना. आमी कोणी शिवलो न्हाई ताटाला. सवाष्णीच्या आधी घरचे खात न्हाईत. पोळ्या गार झाल्या. तिनं पाणी पिलं, तेव्हा रीतीप्रमाणं मी विचारलं, "पोट भरलं का, बाई?"

"माझं भरलं, दाजी," ती म्हणाली. "तिचं मला इचारू नका."

बाहेर आलो तर पोरगं रिक्षा पाहायला पुढं गेलं, सून त्याच्यामागं. काकू माझ्याजवळ थांबली. पदर सारखा करीत म्हणाली, "पुढच्या साली बोलवाल का?"

 पुढच्या सालापर्यंत तिच्या नवऱ्याची खबर येईल. न्हाईतर येणार न्हाई. मी असेन, नसेन.

"या," म्हणालो. "पन गावाकडं. सैपाक मी करीन. कच्चा राहिला तर बोलायचं न्हाई."

"बोलीन की," ती म्हणाली.