कारणाचा रकाना

कळंब्याची क्रांती शहराबाहेरच्या एका कपड्यांच्या कारखान्याची बस चालवायची. पहाटे पाचला रिकामी गाडी घेऊन मलकापूर गाठायचं, तिथून वाटेवरच्या तीस-बत्तीस बाया घ्यायच्या आणि आठच्या ठोक्याला फाटकात हजर व्हायचं. तीन वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता.

अडचण एकच, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. केर्लीजवळचा पंप सोडला, तर पुढे मलकापूरपर्यंत बाईमाणसाला लघवीला जाण्याजोगी जागा नव्हती. पुरुष ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन झाडाआड उभे राहत. क्रांती आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नसे.

जानेवारीत तिला उन्हाळी लागली. थेंब थेंब लघवी, आणि आग अशी की डोळ्यांत पाणी यावं. सुट्टी मागायची तर सुपरवायझर सयाजीरावांना कारण सांगावं लागणार. तिने धन्याचं पाणी प्यायलं आणि गाडीवर गेली.

बायांना घेऊन परतताना बांबवडं सोडलं आणि ओटीपोटात कळ आली. सीटवर धड बसवेना. एका अंगावर कलून, दात आवळून ती चालवत राहिली. केर्लीजवळच्या पंपावर बरा संडास होता, तेवढंच डोक्यात. वाघबीळ उतरल्यावर सरळ रस्ता लागला तसा तिने वेग वाढवला. पुढे उसाची ट्रॉली होती, ती दिसतही होती. पण ट्रॉलीवाल्याने वेग कमी केलाय, हे तिला उशिरा कळलं. तिने ब्रेक दाबला तरी बस ट्रॉलीवर आदळलीच.

काच फुटून ऊस आत घुसला. पुढच्या बाकावरच्या शालूबाईंचं मनगट दांडीवर आपटून मोडलं. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. क्रांतीला काहीच लागलं नाही. तिची सलवार मात्र भिजली होती. तिने ओढणी कमरेला गुंडाळली आणि शालूबाईंना धरून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीराव अपघाताचा फॉर्म घेऊन बसले.

"मोबाईलवर हुतीस?"

"न्हाय."

"डुलकी?"

"न्हाय साहेब. लघवीला लागलंतं. उन्हाळी लागली हाय."

सयाजीराव खिडकीबाहेर बघू लागले. शेजारच्या टेबलावरचे दोघे उगाच कागद चाळू लागले.

"असं कसं लिहू गं? ब्रेक लागला न्हाय असं घालूया. तू बी सुटशील."

क्षणभर तिला ते हवंहवंसं वाटलं. पण ब्रेक चांगला होता, आणि बोल मेकॅनिक गणपतीला लागला असता.

"जसं झालंय तसं लिवा की. न्हायतर द्या हिकडं."

कारणाच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. महिनाभर तिची गाडी काढून घेतली.

शालूबाईंकडे ती शिव्या खायच्या तयारीनेच गेली. झालं ते सांगितल्यावर त्याही मिळाल्या, पण वेगळ्याच कारणासाठी.

"अगं भवाने, मग सांगायचं न्हाईस?" प्लास्टरचा हात सांभाळत शालूबाई ओरडल्या. "गाडीत सगळ्या बायकाच हुतो की! आमी तरी काय करतो? निम्म्या जणी पाण्याचा घोट न घेता निघतो."

तीन वर्षं क्रांतीला आरशात त्यांचे चेहरे रोज दिसत होते. हे मात्र ठाऊक नव्हतं.

प्लास्टर निघायच्या आतच शालूबाई पाच-सहा जणींना घेऊन मॅनेजरपुढे उभ्या राहिल्या. दोन आठवडे हो-ना चाललं. शेवटी बस दहा मिनिटं आधी सुटायची ठरली. बांबवड्यात कामावरच्या अक्षताचं घर रस्त्यालगत होतं, तिथे लघवीसाठी थांबा मिळाला. महिन्याने क्रांती पुन्हा गाडीवर आली.

शालूबाईंचं मनगट काही पूर्वीसारखं वळत नाही. मशीन सोडून त्या आता बटणं लावलेले शर्ट पाकिटात भरतात. क्रांतीने दोनदा माफीसाठी तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "रस्त्याकडं बघ."

परवा कारखान्याचा ट्रकवाला शिवाप्पा तिच्याजवळ येऊन घुटमळला. पन्नाशीचा आडदांड गडी, पण आवाज एकदम बारीक.

"ताई, बुडाला गळू झालंय. आठ दिस झालं, एका कुल्ल्यावर बसून चालवाय लागलोय."

"मग साहेबांस्नी सांगून सुट्टी घ्या की."

"काय म्हणून सांगू?"

"गळू म्हणून," क्रांती म्हणाली.