ढिवरीण बाईचा लोटा

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. यंत्रं थंड करणाऱ्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून तिथे क्लोरीन सोडायचे. काम झालेलं पाणी नाल्यातून नदीला मिळायचं. ते पुढे कुठवर पोचतं हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण खालच्या डोहावर मासे धरणारी ढिवरीण बाई फाटकावर येऊन बसली होती.

"तुमचं पानी डोहात येऊन राह्यलं. मासेच नाई भेटत. मी आता वीटभट्टीवर जाऊ काय?"

साहेबांनी माझ्या हाती थर्मामीटर दिला. गरम पाणी सापडेल तिथवर ते आपलं, असं म्हणाले. मे महिन्यात! नाला गरम, नदी गरम, मी स्वतः गरम. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना न विचारता क्लोरीन तपासायचं औषध घेऊन निघाले. क्लोरीन किंवा त्यातून तयार झालेली द्रव्यं असली, की दोन थेंबांत पाणी पिवळं होतं.

नाल्याच्या तोंडाशी पिवळं. वळणावर फिकट. पुढे काहीच नाही. डोहावर पोचले तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं. बाईने झोपडीतून लोटा आणून पुढे केला. मी त्यातलं पाणी नळीत ओतलं, थेंब टाकले. पिवळंधमक!

मी उडीच मारली. "बाई, जिंकलात! पुरावा मिळाला!" वही काढून लिहायलाही बसले.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "अवं पोरी, हे तं तुले प्यायले देल्लं. उन्हातून आली म्हनून. विहिरीचं होय ते. सकाळीच पंचायतीवाल्यानं विहिरीत दवाई टाकली."

दवाई म्हणजे ब्लीचिंग पावडर, म्हणजे क्लोरीनच! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डोहातलं पाणी घेतलं, तीनदा तपासलं. रंग नाही. मला तिच्यासाठीच वाईट वाटलं.

"तुम्ही गप्प बसला असतात, तर तक्रार टिकली असती," मी म्हटलं.

"तक्रार घेऊन काय करू? मले डोह पायजे." ती चक्क हसत होती. "म्हनजे पानी चांगलं हाय ना? मंग मासे उन्हानं खाली बसले असन."

झोपडीला कित्येक दिवस टांगून ठेवलेलं जाळं तिने ओढून काढलं आणि यावेळी थेट मधल्या खोल पाण्यात फेकलं. तिसऱ्या फेकीला दोन मरळ आले. एक तिने तिथेच चुलीवर भाजून मला दिला. तिखट असं, की डोळ्यांतून धारा लागल्या. मी तोच लोटा उचलला आणि माझा पुरावा घटाघटा पिऊन टाकला.