वरच्या कप्प्यातला थेंब

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत चिकटवलं ते थोरलीनंच, आणि सहा महिन्यांत ती थोरलीच्या डोळ्यांत सलायला लागली. अकरा वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी बसून पेशी मोजल्या त्या थोरलीनं. आता सर म्हणायचे, "मोजणी धाकटीकडे द्या, तिची नजर तरणी आहे." थोरलीकडे उरलं थेंब भरणं. वर्षअखेर दोघींतली एकच कायम होणार होती.

काम असं, की वरच्या कप्प्यात पांढऱ्या पेशी, मधे बारीक जाळी, खालच्या कप्प्यात पेशींना बोलावणारं रसायन. त्याच्या ओढीनं पेशी खाली उतरतात. निम्म्या पेशींवर, ती हाक ऐकणाऱ्या नेहमीच्या रिसेप्टरशेजारी, सरांनी एक वेगळाच रिसेप्टर बसवला होता. तो रसायन पकडतो, पण पेशीला चल म्हणत नाही. नुसतं गिळून टाकतो.

"खाऊन बसणारा," थोरली म्हणायची.

त्या सकाळी धाकटी फोनवर सासूबाईंना आपल्या मोजणीचं कौतुक ऐकवत होती. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. तिनं रसायन खाली घातलं तसं वरही घातलं. सगळीकडूनच हाक आली तर पेशी जाणार कुठे? मोज म्हणावं आता शून्य.

दुपारी धाकटी सरांना म्हणाली, "साध्या पेशी जागच्या हलल्या नाहीत. त्या गिळणाऱ्या मात्र भराभर उतरल्यात."

"शाब्बास," सर धाकटीलाच म्हणाले. "पण का उतरल्या?"

थोरलीला कळलं. वरचं रसायन त्या पेशींनीच गिळून संपवलं. खालचं जाळीआड उरलं, म्हणून वाट कळली. गप्प राहावं तर आयता मान धाकटीला, बोलावं तर नोकरी धोक्यात. आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडायचे होतेच.

"वर मी घातलं होतं, सर. मुद्दाम."

"प्रयोग म्हणून?"

"नाही. हिच्यावर जळून."

धाकटीनं मोजणीची वही मिटली. मग म्हणाली, "एवढं होतं तर घरी भांडायचंत ना, ताई."

कायमची जागा धाकटीला मिळाली. थोरलीला काढलं मात्र नाही; तोच प्रयोग वरखाली रसायन घालून दहादा करायचा होता, आणि पडताळणीला दुसरी नजर हवी होती.

थोरली रोज धाकटीचे आकडे पुन्हा मोजते. एकही चूक सापडत नाही, याचाच तिला जास्त राग येतो.