उलटे ओरखडे

पुंजाराम मास्तरांचा भरवसा दोनच गोष्टींवर होता: काटकोन तपासायचा गुण्या आणि पोलादी फूटपट्टी. बाकी माणूस म्हटला की तो फसवणारच. घरी मालनबाईंनी चहा जरा गोड केला, तर हे आधी विचारणार, "काय फुटलं?" बिचारीच्या हातून काही फुटलेलं नसायचं.

ही १९८५ सालची गोष्ट. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बारा वर्षं फिटरकी करून मास्तर नाशकातल्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवायला आले होते. पहिल्या वर्षाच्या पोरांनी लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चारी कोपरे काटकोनात आणायचे, हा जॉब. गुण्या लावून खिडकीशी धरायचा, फटीतून उजेड दिसला की मार्क गेले. आल्या आल्याच दोन बहाद्दरांनी बाहेरून करून आणलेले जॉब दाखवून पैकीच्या पैकी मार्क उकळले, आणि वर कँटीनमध्ये त्याची फुशारकी मारली. अख्खं कॉलेज हसलं. तेव्हापासून मास्तर ताकच काय, साधं पाणीही फुंकून पीत.

अशा माणसापुढे चांदवडकडच्या वाल्मीकनं आपला जॉब ठेवला. मास्तरांनी गुण्या लावला. उजेड नाही. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. छे, नावालाही उजेड नाही! आणि हा वाल्मीक कोण? तासाला ज्याची कानस होडीसारखी डुलते तो!

"कुणी करून दिला?"

"मीच केला, सर. जेवणाच्या सुट्टीत."

"सुट्टीत? कुणी बघायला नसतं तेव्हा? वा रे वा!"

वाल्मीक मान खाली घालून उभा राहिला. झालं, मास्तरांना हवं ते मिळालं. त्यांनी जॉब उजेडात तिरका धरला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. कानशीचे ओरखडे उलटीकडे कलले होते. घासणारा डावरा होता! वाल्मीक तर वहीत उजव्या हातानं लिहायचा, ते त्यांनी रोज पाहिलेलं. आणि नाशकात असा तयार हाताचा डावरा फिटर त्यांना एकच ठाऊक होता, सातपूरला शेड टाकून बसलेला त्यांचा जुना जोडीदार खंडेराव.

संध्याकाळी सायकल थेट सातपूरला. जॉब खंडेरावाच्या पुढ्यात आदळून मास्तर म्हणाले, "खंड्या, माझ्याच पोरांना जॉब करून देतोस? लाज नाही वाटत?"

खंडेरावानं जॉबकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुंज्या, शिकाऊ होतो तवापासून सोबत हाय आपण. नाशकात डावरा काय मी एकटाच हाय का? चल, नीघ हितून."

चोर तो चोर, वर शिरजोर, असं पुटपुटत मास्तर घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट लिहून टेबलावर ठेवला. तो वर गेला की टर्म नामंजूर, वाल्मीकचं वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की बाप त्याला कांद्याच्या चाळीवर बसवणार, हे तर त्यानं बजावूनच पाठवलेलं. तरी मास्तरांनी शेवटची संधी म्हणून त्याला नवा तुकडा दिला. "घास माझ्यासमोर."

वाल्मीकनं उजव्या हातात मूठ धरली. कानस डुलली, घसरली, कड गोल झाली. पोराचा घाम टपटप गळत होता.

"बस! कळलं मला. कानस साफ करून ठेव आणि जा."

मास्तरांनी पेनचं टोपण काढलं. वाल्मीकनं तारेचा ब्रश उचलला आणि दात्यांतला लोखंडाचा कीस झरझर झाडायला लागला. हात असा चालला, की मास्तरांनी वर पाहिलं. ब्रश डाव्या हातात होता.

"थांब. हात बदल. डाव्यानं घास."

वाल्मीकची नजर टेबलावरच्या फूटपट्टीकडे गेली. "नको सर."

"अरे, घास म्हणतो ना!"

त्यानं भीतभीत मूठ डाव्या हातात घेतली. दोनदा कानस फिरली आणि तिसऱ्या खेपेला आवाज जमला, सरळ, एकसारखा. मास्तर खुर्चीतून उठलेच. कड सपाट होत होती आणि ओरखडे उलटीकडे कलत होते.

"मग काल बोलला का नाहीस, गाढवा?"

"लिहायला शाळेनं उजवा लावला, बाकी सगळं डाव्यानं. पण तुम्हीच म्हणाला होता सर, पहिल्या दिवशी. डाव्या हातात कानस दिसली तर वर्कशॉपच्या बाहेर."

मास्तरांनी रिपोर्ट फाडला, वहीत पैकीच्या पैकी मार्क मांडले, तरी त्यांना चैन पडेना. जॉब खिशात घालून ते पुन्हा सातपूरला गेले.

"पोरानंच केलाय रे. डावरा आहे. चुकलो मी, खंड्या."

या खेपेला खंडेरावानं जॉब हातात घेतला, उजेडात फिरवला, कडेवरून अंगठा नेला. त्या अंगठ्याच्या मागचं हाड वाकडं होतं. दोघं शिकाऊ असताना उस्तादानं ते पोलादी पट्टीनं मोडलेलं, डाव्या हातात कानस धरली म्हणून, आणि तेव्हा शेजारी उभा राहून रडलेला पुंजारामच होता.

"जॉब झकास हाय," खंडेराव म्हणाला. "पुंज्या, एक सांग. पट्टी मारलीस का त्याला, पयल्या दिवशी?"

मास्तरांची नजर त्या वाकड्या अंगठ्यावर गेली.

"मारली," ते म्हणाले. "कोणाचा हात ते बघितलंसुद्धा नाही."

खंडेरावानं जॉब त्यांच्या हातावर ठेवला आणि तो आपल्या कामाला लागला.