बंद जिनिंगचा चौकीदार

मलकापूरची बंद पडलेली, कापसातून सरकी काढणारी जुनी जिनिंग हा स्थापत्याचा अस्सल नमुना आहे, असं सांगून मी पाहुण्यांना भर उन्हात तिथे नेतो. बीटीचा कापूस हायवेवरच्या नव्या जिनिंगांकडे वळला आणि इथे फक्त एक चौकीदार उरला. बोंडअळीला कंटाळून त्याने शेत मक्त्याने दिलं, तेव्हापासून जुन्या वजनकाट्याची खोली हेच त्याचं आणि बायकोचं घर.

मी चिमणीची भव्यता सांगू लागलो की तो मागून खाकरतो. "सरकून उभे राहा सर, थे पडाले आली." कमानीकडे वळलो तर, "तिथं साप हायेत." विहिरीचं दगडी काम दाखवलं तर, "पानी खारं हाये तिचं." इतका अरसिक माणूस मी पाहिला नाही, असं मी पाहुण्यांना इंग्रजीत सांगत असे.

परवा लेखासाठी मी टेप लावून कमान मोजत होतो. तो पहिल्यांदाच जवळ आला. डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला.

"सर, खरं सांगा. हे तुमी घेऊन राह्यले का? घरायचे पलाट पाडाले? आमाले आधी सांगजा, म्हंजे कुठं राहाची सोय पाहू."

"अहो, मी निवृत्त प्राध्यापक. मला घरावरचे पत्रे बदलणं जमत नाही!"

त्याने मला चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. खात्री पटली. मग खोलीकडे वळून आनंदाने ओरडला, "अवं, चहा मांड! हे घेनारे नोय, नुसतेच पाहून राह्यले!"