इश्यू कुणाच्या नावावर

आमच्या घरात एखादी गोष्ट 'नावावर असणं' म्हणजे अभिमान. भोपाळच्या बाग सेवनियातलं घर बाबांच्या नावावर, आणि आमच्या अख्ख्या खानदानात पहिली डिग्री माझ्या नावावर. ऑफिसात इश्यूसुद्धा, म्हणजे प्रोग्राममधली चूक, ती सुधारणाऱ्या माणसाच्या नावावर लागतो, असं मी सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आधी नोकरी पक्की होऊ दे, बाई. मग काय ते नावावर घे."

पक्की व्हायची होती ती नव्या प्रोग्रामच्या रिलीजनंतर, म्हणजे तो रीतसर सुरू झाल्यावर. शाहपुऱ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीनं एका खासगी हॉस्पिटलसाठी पेशंटचे रिपोर्ट दाखवणारा प्रोग्राम केला होता आणि चाचणीसाठी तिथे लावला होता. सापडलेल्या चुका आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचो. त्यातली एक कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या फोटोंखाली गाडली गेली होती. एकाच नावाचे दोन पेशंट असले, की एकाचा जुना रिपोर्ट दुसऱ्याच्या खात्यात दिसायचा. रिलीज तोंडावर आलं आणि ती मला पुन्हा सापडली. माझ्या आईच्या नावाच्या बायका भोपाळात काय कमी आहेत?

इश्यू कुठे ठेवायचे, हे ठरवायला कंपनी चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःच ठरवून टाकलं. दोन जागा. एक आतली, आपली. दुसरी हॉस्पिटलला दिसणारी, साफसुथरी. "ये नामवाला अंदर रखो. रिलीज के बाद देख लेंगे."

मी म्हटलं, "सर, जगह एक ही रखते हैं. उनको भी दिखने दो."

शेजारी बसणारा नागपूरचा सहकारी मराठीत पुटपुटला, "पक्की व्हायचंय ना तुला? की मिसरोदला पाणीपुरीचा ठेला लावतेस?"

"लावला तर तुला उधार मिळणार नाही," मी म्हटलं.

सर माझ्याकडे वळले. "ठीक है. एक जगह. पहला इश्यू तुम डालोगी, अपने नाम से. फ़ोन आया तो तुम ही उठाओगी."

मी लिहिलं. 'गंभीर' हा शब्द खोडला, परत घातला, आणि बटण दाबलं. आता हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या साहेबांना सगळं दिसत होतं. फोन उलटा ठेवून डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

फोन आलाच नाही. इश्यूखाली साहेबांचं उत्तर उमटलं. "ये हमने भी देखा था. बताने की जगह नहीं थी. और भी हैं, लिख दूँ?"

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. मी 'लिखिए' असं टाइप केलं.

मग एकाखाली एक इश्यू येऊ लागले. नावाचा रकाना प्रत्येकाचा रिकामा.

"किसके नाम लगाएँ?" सरांनी विचारलं. खोलीत सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघू लागले.

रोज दुपारी मी बाबांना फोन करते. त्या दिवशी केला नाही; एकेका रकान्यात माझं नाव भरत होते.